‘अणूच्या पोटात गोंधळ’ या लेखाबद्दल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ‘अणूच्या पोटात गोंधळ’ असा अर्ध्या पानाचा लेख आला होता, त्याबद्दल लिहितेय. आधी थँक्यू म्हणते, कारण राशीभविष्य आणि वास्तुटिप्सच्या शेजारी क्वांटम केऑससारख्या फिजिक्सच्या विषयाला अर्धं पान मिळालेलं मी तरी आजवर पाहिलं नव्हतं. मी मिरजेत अकरावी-बारावीच्या फिजिक्सचे क्लास घेते, एमएस्सीला न्यूक्लिअर फिजिक्स होतं, त्यामुळे शब्दकोडं बाजूला ठेवून आधी हेच वाचलं. पण वाचून झाल्यावर जी चिडचिड झाली ती आज चौथा दिवस तरी गेलेली नाही, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

पहिलं म्हणजे ते ‘परमाणू नाभिक’. अहो मराठीत ॲटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू, आणि न्यूक्लियस म्हणजे अणुकेंद्रक किंवा नुसतं केंद्रक. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. तुमच्या लेखात वर अणू, खाली परमाणू, मध्येच नाभिक, म्हणजे कुठली तरी हिंदी कॉपी अर्धी मराठीत उलटवून अर्धी तशीच ठेवलीय हे न सांगता कळतं. क्लासमधली एक पोरगी पेपर घेऊन आली आणि विचारते, मॅडम, परमाणू अणूपेक्षा लहान असतो का? आता काय सांगायचं तिला.

ते असो, शब्दांचं एक वेळ चालवून घेऊ. खरी अडचण लेखाच्या सुरात आहे. लेखक म्हणतात की केंद्रकाबद्दल दोन पार्ट्या आहेत, शेल मॉडेलवाले (कण आपापल्या कक्षेत फिरतात असं मानणारे) म्हणतात आत शिस्त आहे, केऑसवाले म्हणतात सगळी अंदाधुंदी आहे, आणि शेवटी शास्त्रज्ञांनी हात टेकले. यातलं एकही वाक्य बरोबर नाही हो. दोन पार्ट्या नाहीत, अंदाधुंदी नाही, आणि हात तर कुणीच टेकलेले नाहीत, उलट त्याच ‘गोंधळा’तून जे नियम निघाले ते इतके पक्के आहेत की रिॲक्टरच्या हिशोबात रोज वापरतात.

युरेनियम-२३८ घ्या, नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या केंद्रकाच्या एनर्जी लेव्हल्स म्हणजे जिन्याच्या पायऱ्या समजा. तळमजल्यावरून वर बघितलं तर पहिली पायरी साधारण ४५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे एनर्जी मोजायचं बारीक माप), दुसरी १ लाख ४८ हजारावर, तिसरी ३ लाख ७ हजारावर. हे आकडे आले कुठून? हे केंद्रक रग्बीच्या चेंडूसारखं लांबट आहे आणि ते सगळंच्या सगळं फिरतंय, आणि फिरणाऱ्या वस्तूचा क्वांटम हिशोब केला की या पायऱ्यांचं प्रमाण ६ : २० : ४२ यायला पाहिजे. पहिली ४५ हजार धरली तर दुसरी दीड लाख आणि तिसरी ३ लाख १५ हजार. बघा किती जवळ आलं, अडीचशेच्या जवळ प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र असून! ही झाली शिस्त.

आता त्याच युरेनियमवर हळू चालणारा न्यूट्रॉन सोडा. तो आत शिरला की युरेनियम-२३९ तयार होतं, आणि न्यूट्रॉन नुसता शिरण्यानेच आत जवळजवळ ४८ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी येते, म्हणजे आपण लिफ्टने एकदम गच्चीजवळ पोचलो. तिथल्या पायऱ्या मोजायच्या तर न्यूट्रॉनचा स्पीड थोडा थोडा बदलत जायचं आणि तो कधी गपकन गिळला जातो ते बघायचं. मुख्य जागा आहेत ६.६७, २०.९, ३६.७, ६६, ८०.७, १०२.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि पुढे अशाच. खाली पायरी ४५ हजारांची आणि इथे सरासरी वीसची. यात ६ : २० : ४२ सारखं काही सापडतं का बघा. नाही सापडत, मी एमएस्सीला असताना एक अख्खी दुपार घालवली होती त्यात.

पण एक गोष्ट दिसते का? वजाबाकी करा. १४, १६, २९, १५, २२. एकही दोन, तीन, अर्धा असा आकडा नाही. कुठल्याच दोन पायऱ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. सहा आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण हेच हजारो पायऱ्यांवर टिकतं आणि सगळी गंमत तिथेच आहे.

लॉटरीचे नंबर काढावेत तशा पायऱ्या पडल्या असत्या तर कसं झालं असतं? सरासरी अंतराच्या एक दशांशापेक्षाही जवळ अशा जोड्या हजारात ९५ निघाल्या असत्या. खऱ्या रँडमपणात वस्तू घोळक्याने येतात, हे आपल्या एसटी स्टँडवर उभं राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको, पाऊण तास काही नाही आणि मग तीन गाड्या एकामागून एक. वरच्या मजल्यावरच्या केंद्रकात मात्र अशा जोड्या हजारात फक्त आठच्या आसपास असतात. आणि उलट बाजूने, सरासरीच्या तिप्पट मोठी भगदाडं लॉटरीत हजारात पन्नास पडली असती, इथे हजारात एकसुद्धा धड नाही. याला तुम्ही अंदाधुंदी म्हणता?

पायऱ्या चिकटत का नाहीत हे मी क्लासमध्ये सुतळी आणि दोन कुलपं घेऊन दाखवते. खिडकीच्या दोन गजांना सुतळी जरा ढिली बांधायची, तिला दोन सारखी कुलपं सारख्याच लांबीच्या दोऱ्यांनी टांगायची. एकाला झोका द्या. तो हलतो, मग हळूहळू मंदावतो आणि दुसरं कुलूप आपोआप झुलायला लागतं, मग परत पहिलं. पोरं दर वर्षी म्हणतात मॅडम वाऱ्याने झालं, मग फॅन बंद करून दाखवावं लागतं. दोन्ही दोऱ्या अगदी सारख्या असूनही या जोडीला झुलायच्या दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी असतात, दोघं बरोबर हलतात ती एक आणि उलटसुलट हलतात ती दुसरी. आता एक दोरी आधी लांब ठेवून हळूहळू दुसरीएवढी करत आणा, त्या दोन फ्रिक्वेन्सी जवळ येतात पण एक होत नाहीत, कारण मध्ये सुतळी आहे. सुतळी म्हणजे एकमेकांशी असलेला संबंध. दोन लेव्हल्स एक व्हायच्या तर एकाच वेळी दोन गोष्टी व्हाव्या लागतात, दोघांची मूळ किंमत सारखी पाहिजे आणि सुतळीही शून्य पाहिजे. दोन योगायोग एकदम जुळणं अवघड, म्हणून त्या एकमेकींना लांब ठेवतात. आणि जिथे शिस्त आहे, म्हणजे प्रत्येक लेव्हलवर तिचा स्वतःचा शिक्का आहे, तिथे वेगवेगळ्या शिक्क्यांमध्ये सुतळीच नसते, त्या एकमेकींना ओळखतच नाहीत, म्हणून खुशाल एकमेकींच्या मांडीवर बसतात आणि अंतरं बघितली तर लॉटरीसारखी दिसतात. म्हणजे बघा कसं उलटंय, पूर्ण शिस्तीच्या केंद्रकातली अंतरं रँडम दिसतात आणि केऑसवाल्या केंद्रकातली अंतरं शिस्तीत. लेखकाने हेच बरोब्बर उलटं लिहिलंय.

हे सगळं डोक्यात पहिल्यांदा आलं युजीन विग्नर या फिजिक्सवाल्याच्या. त्याच्या आधी १९३६ साली नील्स बोरने सांगितलं होतं की केंद्रक म्हणजे उथळ वाडग्यात ठेवलेल्या गोट्या, बाहेरून एक गोटी आली की ती सगळ्यांना धक्के देते, एनर्जी वाटली जाते आणि बराच वेळ कुणालाच बाहेर पडण्याइतकी मिळत नाही. विग्नर म्हणाला की इतक्या कणांचा हिशोब कोण करत बसणार, आपण एनर्जीचं जे मोठं मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) असतं त्यात सरळ रँडम आकडे भरू, फक्त जी मूळ सिमेट्री पाळायलाच पाहिजे ती पाळू, आणि मग बघू उत्तरांची अंतरं कशी येतात. १९५६ साली टेनेसीत गॅटलिनबर्गच्या एका परिषदेत त्याने अंतरांचा फॉर्म्युला जवळजवळ अंदाजाने सांगून टाकला. त्याचं नेमकं गणित पुढे साकलेमध्ये, म्हणजे फ्रान्समध्ये, गोदँ आणि मदनलाल मेहता यांनी केलं आणि विग्नरचा अंदाज केसभर सोडला तर बरोबर निघाला. हे मेहता मूळचे राजस्थानचे, पण फ्रान्सला जायच्या आधी दोन वर्षं आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत होते! रँडम मॅट्रिक्स शिकणारा जगातला कुठलाही विद्यार्थी आजही त्यांचंच पुस्तक उघडतो. तुमच्या लेखात त्यांचं नाव नाही. पुढे १९८२-८३ मध्ये हक, अखिलेश पांडे आणि बोहिगास यांनी बऱ्याच केंद्रकांचा डेटा एकत्र करून १७२६ अंतरांचा ग्राफ काढला आणि तो विग्नरच्या वक्रावर असा काही बसला की बास. पांडे म्हणजे आपल्या जेएनयूचे. त्यांचंही नाव नाही.

बरं मग यात ‘केऑस’ कुठून आला? इथे कॅरम घ्या. रिकाम्या बोर्डावर स्ट्रायकर मारला तर तो चार भिंतींवर आपटत जातो, पण कोन तेच तेच राहतात, हात केसभर हलला तर फरक हळूहळू वाढतो. आता बोर्डाच्या मधोमध पावडरचा गोल डबा ठेवा आणि मारा. गोल डब्यावर आपटला की केसभराचा फरक बोटभर होतो, पुढच्या टकरीला वीतभर, मग काही सांगता येत नाही. हे साधं, आपल्या नेहमीच्या जगातलं केऑस. क्वांटममध्ये मात्र स्ट्रायकरचा ठराविक रस्ताच नसतो, त्यामुळे ‘केसभर फरक’ वगैरे भाषाच चालत नाही, मग केऑस आहे की नाही ओळखायचं कसं? १९८४ मध्ये बोहिगास, जियानोनी आणि श्मिट यांनी हाच डबा ठेवलेला बोर्ड घेतला (ते त्याला सिनाई बिलियर्ड म्हणतात, कॅरम त्यांना कुठला माहीत असायला), त्यात एक क्वांटम कण सोडला आणि त्याच्या लेव्हल्स काढल्या. अंतरं आली ती युरेनियमवाली! एकच कण, एक बोर्ड, एक डबा, आणि ग्राफ अडीचशे कणांच्या केंद्रकासारखाच. तेव्हा लक्षात आलं की हा ग्राफ गर्दीमुळे येत नाही, केऑसमुळे येतो. डबा काढला की अंतरं परत लॉटरीवर, हे बेरी आणि टेबर यांनी १९७७ मध्येच सांगितलं होतं.

आता मॉडेल्सचं, कारण लेखात सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. शेल मॉडेल मारिया गेपर्ट मेयर आणि येन्सन यांचं, १९४९ चं, २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ हे जादुई आकडे (इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्रक खास पक्कं असतं) त्यातून नीट समजले. लेखक म्हणतात शेल मॉडेल खरं असेल तर केऑस खोटा. अहो, शेल मॉडेलमध्ये कण आपापल्या कक्षेत शांत फिरतात ते फक्त हिशोबाच्या पहिल्या टप्प्यात, नंतर कणांची एकमेकांशी जी उरलेली ओढाताण असते ती त्यात घालावीच लागते, आणि ती घातली की त्याच शेल मॉडेलमधून केऑस बाहेर पडतो! मिशिगनच्या झेलेव्हिन्स्की वगैरे मंडळींनी १९९६ मध्ये सिलिकॉन-२८ घेऊन हे दाखवलं. आतला ऑक्सिजन-१६ चा गाभा बाजूला ठेवायचा, उरलेले सहा प्रोटॉन सहा न्यूट्रॉन, बास बारा कण. एकाच प्रकारच्या लेव्हल्स घेतल्या तर एका गटात ८३९ आणि दुसऱ्यात ३२७६ निघाल्या, आणि अंतरं विग्नरची. रँडम आकडे कुठेही भरलेले नव्हते, सगळे खऱ्या केंद्रकांवरून बसवलेले आकडे. म्हणजे शेल मॉडेल केऑसच्या विरोधात नाही, तेच केऑसची प्रयोगशाळा आहे.

आणि मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तर लेखात आलीच नाही. अरिमा आणि याकेलो यांचं एक मॉडेल आहे, १९७५ च्या सुमाराचं, त्यात कण जोड्या-जोड्यांनी धरतात आणि अशी जोडी बोसॉन जातीच्या कणासारखी वागते, म्हणून त्याला बोसॉन मॉडेल म्हणतात. त्याचा एक त्रिकोण काढतात. एका कोपऱ्यावर गोल केंद्रक थरथरतं, दुसऱ्यावर लांबट केंद्रक फिरतं, तिसऱ्यावर जरा मऊसर, आकार पक्का नसलेलं. तिन्ही कोपऱ्यांवर पूर्ण शिस्त, गणित कागदावर सुटतं. मध्ये काय? कुणालाही वाटेल मध्ये सगळं केऑस. येल विद्यापीठाच्या अलहसीद आणि व्हेलन यांनी १९९१ मध्ये त्रिकोणाचा कोपरान् कोपरा तपासला तर मध्ये केऑस होताच, पण त्या केऑसच्या मधूनच एक बारीक वाकडी पट्टी निघाली जिथे शिस्त परत येते. शेतातून पायवाट जावी तशी. तिथे कुठली सिमेट्री आहे ते कळेना, पण पट्टी आहे! पुढे २००४ मध्ये खरी केंद्रकंसुद्धा त्या पट्टीवर बसणारी सापडली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं होतं, खोटं सांगत नाही.

दुसरी तशीच. प्रोटॉनही सम आणि न्यूट्रॉनही सम असलेली जेवढी म्हणून केंद्रकं आहेत त्यांची सगळ्यात खालची पायरी नेहमी शून्य स्पिनची (स्पिन म्हणजे केंद्रकाच्या एकूण फिरण्याचं माप), एकही अपवाद नाही. सगळे म्हणायचे हे जोड्यांच्या खास आकर्षणामुळे. १९९८ मध्ये जॉन्सन, बर्ट्श आणि डीन यांनी कणांमधली ओढाताण सरळ रँडम टाकली, कुठलंही खास आकर्षण नाही, आणि तरी बहुतेक वेळा सगळ्यात खाली शून्य स्पिनच आलं. एकूण लेव्हल्समध्ये शून्य स्पिनवाल्या थोड्याच असतात, तरीही! का, याच्यावर बरीच डोकेफोड झाली. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत व्ही. के. बी. कोटा यांनी अशाच, दोन-दोन कणांतल्या रँडम ओढाताणीच्या मॅट्रिक्सवर आयुष्यभर काम केलंय, विचारायचं तर त्यांच्यासारख्यांना विचारायचं होतं.

सगळं सुटलंय असं माझं म्हणणं नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत प्लॅटिनमवर न्यूट्रॉन सोडून बघितलं तर लेव्हल्सची रुंदी (म्हणजे न्यूट्रॉनशी त्यांचा संबंध किती जोरदार याचं माप) रँडम मॅट्रिक्स सांगतं तशी पसरलेली नव्हती, आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. लेखकाला ‘शास्त्रज्ञ अडले’ असं लिहायचंच होतं तर ही जागा होती. पण ‘हात टेकले’? रिॲक्टरमध्ये युरेनियम-२३८ किती न्यूट्रॉन गिळेल हे काढताना खालच्या पायऱ्या एकेक मोजलेल्या असतात, पण वर गेलं की त्या इतक्या दाट होतात की मोजताच येत नाहीत, तिथे कॉम्प्युटर विग्नरच्या नियमाने पायऱ्या मनानेच बनवतो आणि सरासरी काढतो, आणि त्या आकड्यांवर डिझाइन चालतं. गोंधळावर कुणी अणुभट्टी उभी करेल का?

आता हेडिंगमधल्या शब्दाकडे येते. माझ्या भावाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला होता. चौक मांडलेला, मध्ये कलश, दिवटी, एकाच्या हातात तुणतुणं, एकाच्या गळ्यात संबळ. आधी गण, मग गावोगावच्या देवांना आवतणं, मग आख्यान, पहाटे आरती. रात्रभर एवढा दणदणाट की शेजारचं पोर झोपेना, पण संबळ कधी थांबायचा आणि दिवटी कधी फिरवायची यात एवढीशी चूक नाही. त्या अर्थाने म्हणाल तर केंद्रकात गोंधळ आहे, बिनधास्त छापा. पण तुमच्या लेखात तो मार्केट यार्डातल्या सकाळसारखा गोंधळ आहे, तो नको. मला विचाराल तर केऑसला केऑसच म्हणावं, पोरांना कळतं.

आणि ते चित्र. मध्ये लाल-निळे गोळे आणि बाजूने इलेक्ट्रॉनच्या कक्षा, हे प्रत्येक बातमीला तेच. लेख केंद्रकाबद्दल आहे, इलेक्ट्रॉनचा त्यात काही संबंधच नाही. नुसत्या दोन जिन्यांचं चित्र काढलं असतं, एक लॉटरीचा आणि एक युरेनियमचा, शेजारी-शेजारी, तर निम्मा लेख लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

हो, आणि ते दोन पार्ट्यांचं. १९६३ चं फिजिक्सचं नोबेल बघा. निम्मं विग्नरला आणि निम्मं मेयर-येन्सनला. विग्नरला ते सिमेट्रीच्या कामासाठी होतं, रँडम मॅट्रिक्ससाठी नव्हे, हे आधीच सांगते नाहीतर उद्या माझ्यावर पत्र यायचं. तरी भांडणाऱ्या दोन पार्ट्यांना एकाच वर्षी एकाच स्टेजवर कोण बोलावतं?

दुरुस्ती छापणार असाल तर निदान परमाणू-नाभिकची तरी छापा, बोर्डाच्या पेपरात पोरं तसंच लिहून येतील आणि मार्क जातील. बाकीचं जागा असेल तसं.

कळावे,
आपली जुनी वाचक,
मिरज

ता.क. – कुलपांचा प्रयोग घरी कुणी करणार असेल तर सुतळी ढिलीच बांधा. ताणून बांधली तर दुसरं कुलूप ढिम्म हलत नाही, आणि दोऱ्यांची लांबी बोटभर जरी कमी-जास्त झाली तरी अर्धवटच हलतं. पितळी नवताल कुलपं मस्त चालतात, किल्ली काढून ठेवा.